भाषेतले अलंकार खरंच समजून घ्यायचे असतील तर हा रविवारचा क्लास लावाच (कॉलेज रोड, नाशिक)

शाळा सुटल्यावर अलंकार शिकायला क्लास कोण लावतं असं बऱ्याच जणांनी विचारलं मला, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. कॉलेज रोडला आतल्या गल्लीत एक रिटायर्ड मराठीच्या मॅडम रविवारी सकाळी घेतात, बाहेर बोर्डबिर्ड काही नाही, त्यांच्या घराच्या वरचाच हॉल, खाली सतरंज्या आणि मागे गुडघे दुखणाऱ्यांसाठी थोड्या खुर्च्या. कोर्स दोनेक महिन्यांचा, फी दोन हजारांच्या आत. बॅचमध्ये एमपीएससीवाली मुलं होती, दोन शिक्षिका, एक वकील आणि दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार काका, ज्यांना भजनं म्हणता म्हणता अर्थ कळायला हवा असं वाटायला लागलं म्हणून आले होते.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे अलंकार शिकवतात म्हणजे खुणेचे शब्द पाठ करून घेतात, सारखा, सम, परी, गत आलं की उपमा, जणू, गमे, वाटे, भासे आलं की उत्प्रेक्षा, साक्षात किंवा केवळ दिसलं की रूपक, लिहा आणि मार्क घ्या. मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. 'तिचा आवाज कोकिळेसारखा गोड आहे.' 'आईसारखी आईच.' 'काल मळ्यात बिबट्यासारखं काहीतरी दिसलं.' तिन्हीत 'सारखा' आहे आणि एमपीएससीच्या पोरांनी धडाधड तिन्हीला उपमा सांगितली. उपमा फक्त पहिल्यात आहे. तिथे आवाज हे उपमेय म्हणजे ज्याची तुलना करायची ते, कोकिळा हे उपमान म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते, गोडपणा हा दोघांतला समान धर्म आणि 'सारखा' हा साम्य दाखवणारा शब्द, चारही भाग हजर म्हणून ती पूर्णोपमा, यातला एखादा गाळला तर लुप्तोपमा. दुसऱ्या वाक्यात तुलनेला दुसरं कुणी मिळतच नाही, आईची तुलना आईशीच, म्हणून तो अनन्वय. आणि तिसऱ्यात अलंकारच नाही! कारण सांगणाऱ्याला खरंच शंका आहे, तो घाबरलाय, त्यात कल्पनेची काही करामत नाही. शंका खरी असेल तर ती नुसती माहिती असते, शंका कवीने सौंदर्यासाठी रचलेली असेल तेव्हा ससंदेह होतो. हे एवढं साधं मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं आणि माझ्या मते फी इथेच वसूल झाली.

पुढचा रविवार तर मी विसरूच शकत नाही. सीझन चालू होता, काकांनी द्राक्षं आणलेली, मॅडमनी त्यातला एक घड उचलला आणि अख्खा तास त्याच्यावर घेतला. द्राक्षाचा मणी मोत्यासारखा टपोरा, ही उपमा. द्राक्षाचा मणी जणू मोतीच, इथे मोती असल्याची कल्पना केली, उत्प्रेक्षा. 'वेलीवरचे हे द्राक्षमोती', दोघांत फरकच ठेवला नाही, रूपक. हे द्राक्ष नव्हेच, हा मोती आहे, म्हणजे उपमेय सरळ नाकारलं, अपन्हुती. मोत्याहूनही देखणं द्राक्ष, उपमान मागे पडलं, व्यतिरेक. हे द्राक्ष की मोती, ससंदेह. आणि सोनाराने मोती समजून काट्यावर ठेवलं, भ्रांतिमान, कारण इथे शंका नाही, खात्रीने चूक झालीय आणि त्याप्रमाणे हातही हलला. वस्तू त्याच दोन, द्राक्ष आणि मोती, बदलतंय ते फक्त त्यांच्यातलं अंतर. ते अंतर बघायचं, शब्द शोधत बसायचं नाही, हा मॅडमचा सगळा शिकवण्याचा गाभा आहे आणि तो इतका पक्का बसतो की नंतर पुस्तकातली व्याख्या वाचली तर ती आपोआप कळते.

त्यावर काकांनी विचारलं, 'मॅडम, आम्ही बागेत चमकणाऱ्या पट्ट्या बांधतो, पाखरं भिऊन पळतात, मग हा भ्रांतिमानच ना?' मॅडम म्हणाल्या, 'काका, पाखरू खरंच फसलं, ती तुमची युक्ती झाली, पण तुम्ही त्या पट्ट्यांना विजा समजून पाखरं पळाली असं ओवीत बांधलंत की झाला अलंकार.' काका पुढच्या आठवड्यात खरोखर ओवी करून आले आणि ती चांगली होती हो.

श्लेषही छान झाला. 'गंगापूर धरणाने नाशिकला जीवन दिलं' यात जीवन म्हणजे पाणीही आणि आयुष्यही, शब्द एकदाच आला आणि दोन अर्थ देऊन गेला. यमकात उलटं, तीच अक्षरं ठरावीक जागी परत येतात पण अर्थ वेगळा. व्याजस्तुतीला उदाहरण होतं, 'तुमच्या दिलदारपणाचं काय सांगू, सख्ख्या भाचीच्या लग्नात अकरा रुपयांचं पाकीट दिलंत!' सगळा हॉल हसला. वरून स्तुती आणि आतून निंदा हे सगळ्यांना माहीत असतं, पण निंदेच्या आडून स्तुती केली तरी ती व्याजस्तुतीच हे मला नवीन होतं.

इतिहास थोडक्यात सांगतात पण नेमका. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच, उपमा, रूपक, दीपक आणि यमक, मग वाढत वाढत मम्मटाच्या काव्यप्रकाशात साठच्या आसपास आणि नंतरच्या कुवलयानंद या ग्रंथात शंभराच्या वर. हे ऐकल्यावर पाठांतराची भीतीच जाते, कारण मंडळींनी एकातून दुसरा कसा काढलाय ते दिसायला लागतं.

भाषणाच्या अंगाने एकच रविवार ठेवलाय, तो वाढवायला हवा. उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारलेला प्रश्न, तेच वाक्य तीनदा म्हणून चढवत नेणं, दोन विरुद्ध गोष्टी शेजारी मांडणं, चढत्या क्रमाचा सार अलंकार, हे घाईत उरकलं. पण तेवढ्यावरही मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला बसले तेव्हा वक्ता कुठे टाळी घेणार ते आधी कळत होतं, आणि खरं सांगते, भाषणाची मजा कमी न होता वाढली.

तक्रारी आहेत. नोट्स झेरॉक्सच्या झेरॉक्स, काही पानांवर शेवटची ओळ उडालेली. दृष्टांत आणि अर्थांतरन्यास हा सगळ्यात गोंधळाचा भाग एकाच तासात कोंबला, दृष्टांतात एका गोष्टीशेजारी तशीच दुसरी ठेवतात आणि अर्थांतरन्यासात विशेष उदाहरणावरून सामान्य सिद्धांत काढतात किंवा सिद्धांताला उदाहरणाचा आधार देतात, एवढं कळलं पण सरावाला वेळच मिळाला नाही. चारचाकी अजिबात आणू नका, गल्लीत वळतच नाही. आणि ज्यांना फक्त पेपरपुरते मार्क हवेत त्यांना हा क्लास संथ वाटेल, आमच्यातली दोन पोरं मध्येच सोडून गेली.

मराठी शिकवणाऱ्यांनी मात्र जावंच, भजन-कीर्तनवाल्यांनी आणि कविता लिहिणाऱ्यांनी तर नक्की. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. नवीन बॅच दिवाळीनंतर आहे, खुर्ची हवी असेल तर पावणेआठलाच पोचा, आठला मॅडम शिकवायला सुरुवात करतात आणि उशिरा येणाऱ्यांसाठी थांबत नाहीत.