प्लॉटिंगचं सांडपाणी: एमबीबीआर बसवावा की कर्दळीचे वाफे करावेत?

पुण्याच्या कडेला पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत प्लॉटिंग करायचं म्हटलं की रस्ते, लाइट, पाणी यांवर तासन्‌तास खल होतो. सांडपाण्याची पाळी आली की 'एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट) टाकू की' म्हणून विषय मिटतो आणि ज्याचं कोटेशन आधी येतं त्याचा एसटीपी बसतो.

हिशेबासाठी एक उदाहरण धरू. सहा एकर जमीन, एक-सव्वा गुंठ्याचे १२० प्लॉट, घरटी ५ माणसं, म्हणजे ६०० वस्ती. दरडोई १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के ड्रेनेजला, म्हणजे रोजचे ६५ हजार लिटर. ड्रेनेज लाइन अजून गावाबाहेरच्या चौकापर्यंतही आलेली नाही. प्रत्येक प्लॉटला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा हा पर्याय इथे धरतच नाही. वर काळी माती, खाली कातळ. पावसाळ्यात असा खड्डा शोषत नाही, उलटा भरतो आणि शेजारच्याची बोअर दहा पावलांवर असते.

उरले दोन. एमबीबीआर, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडलेल्या टाकीत तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या चकत्या आणि त्यांवर वाढणारे जिवाणू. दुसरा, कप्प्यांच्या बंद टाकीतून आलेलं पाणी खडीच्या वाफ्यातून आडवं झिरपवायचं आणि वर कर्दळ, पाणकणीस, अळू लावायचा. नागपूरच्या नीरीची 'फायटोरिड' पद्धत याच तत्त्वावर चालते.

जागेत एमबीबीआर सरळ जिंकतो. ६५ केएलडीचा, म्हणजे रोज ६५ हजार लिटरचा, प्लँट पंपरूमसकट ८०-१०० चौरस मीटरमध्ये मावतो. वाफ्यांना माणशी सव्वा चौरस मीटर धरलं तरी ७५० चौरस मीटर हवेत, टाक्या वेगळ्या. टॉवरची स्कीम असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, एमबीबीआरच घ्या. प्लॉटिंगमध्ये मात्र १० टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते, सहा एकरांत ती २,४०० चौरस मीटरच्या आसपास येते. वाफे त्यात धरता येतील का, हे आराखडा मंजुरीला टाकण्याआधी आर्किटेक्टकडून लेखी घ्या. नंतर ही जागा कुठून काढणार?

पाण्याच्या दर्जातही एमबीबीआरची बाजू वरचढ आहे, निदान कागदावर. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) १० मागितला असेल, तर आडव्या वाफ्यातून आलेलं पाणी तसंच दाखवता येणार नाही. पुढे सँड फिल्टर आणि क्लोरीन लागेलच. अमोनियाही वाफ्यात फारसा कमी होत नाही, कारण खडीच्या पोटात हवा नसते. बागेला हे पाणी उत्तम. फ्लशला वापरायचं तर कार्बन फिल्टर जोडा, नाहीतर कमोडमधल्या पिवळसर पाण्याच्या तक्रारी येतात.

इथवर वाचून एमबीबीआरच घ्यावा असं वाटेल. माझा कल तरीही वाफ्यांकडे आहे आणि त्याचं कारण एकच: प्लॉटिंगमध्ये सांडपाणी येतच नाही.

म्हणजे येतं, पण सहा-सात वर्षांनी. प्लॉट दोन वर्षांत विकले जातात. घेणाऱ्यांतले निम्मे गुंतवणूकदार, उरलेल्यांतले निम्मे 'रिटायर झाल्यावर बांधू' म्हणणारे. पहिली दोन-तीन वर्षं १५ घरं नांदती असतात, म्हणजे रोजचे ८ हजार लिटर. प्लँट ६५ हजारांचा.

८ हजार लिटरवर एमबीबीआरचं काय होतं हे चकती हातात घेऊन बघावं. चांगल्या चालत्या प्लँटमधल्या चकतीच्या आतल्या घरांत चहाच्या रंगाचा पातळ बुळबुळीत थर असतो. उपाशी प्लँटमधली चकती सहा महिन्यांनीही दुकानातून आणल्यासारखी पांढरी असते. थर धरायला जिवाणूंना खाणं लागतं आणि तेच येत नाही. मग चालत्या प्लँटमधून गाळाचा टँकर आणायचा, शेण कालवायचं, गूळ-युरियाचा रतीब लावायचा. आठ दिवस बरं चालतं, की पुन्हा उपास.

टाकीत हवा सोडणारा ब्लोअर मात्र थांबवता येत नाही. ५ एचपीचा ब्लोअर २० तास चालला तर ७५ युनिट, महिन्याला सव्वादोन हजार. युनिटला १० रुपये धरा, साडेबावीस हजार रुपये झाले. १५ घरांत वाटले तर घरटी दीड हजार, त्यात ऑपरेटरचा पगार नाही. साहजिकच रात्री ब्लोअर बंद होतो, पुढे दिवसाही. इक्वलायझेशन टाकीतलं, म्हणजे सांडपाणी आधी साठवायच्या टाकीतलं, पाणी सडतं आणि गेटपाशी सडक्या अंड्यांचा वास येतो. नेमका साइट व्हिजिटच्या रविवारी. मग ऑपरेटर सकाळी नऊला सगळं एकदम चालू करतो, टाकीवर हातभर फेस चढतो, चकत्या आउटलेटच्या जाळीवर गोळा होतात आणि जाळी चोंदते. दोष तंत्राचा नाही. रोज ठराविक वेळेला जेवणाऱ्याला महिन्यातून दोनदा पंगतीला बसवलं तर दुसरं काय होणार!

विक्रेते यावर दोन तोडगे सांगतात आणि दोन्ही खोटे नाहीत. एक, ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) लावून वेग कमी करणे. मात्र एका हद्दीखाली वेग उतरवला की चकत्या फिरत नाहीत, कोपऱ्यात साचतात. दुसरा, ३३-३३ केएलडीच्या दोन स्वतंत्र स्ट्रीम, म्हणजे एकाऐवजी दोन छोटे प्लँट. हा खरा उपाय, पण टाक्या, पंप, पॅनल सगळं दुप्पट आणि १५ घरांसाठी ३३ केएलडीसुद्धा चौपट मोठाच.

वाफा टप्प्याटप्प्याने बांधता येतो. १६ बाय १६ मीटरचे तीन वाफे आखायचे, ४० घरांना एक. आज एकच भरायचा, बाकी दोन्हींवर हिरवळ. तिन्ही एकदम भरायचा मोह टाळा. एप्रिल-मेमध्ये एका वाफ्यातून रोज दोन-अडीच हजार लिटर नुसतं उडून जातं. ८ हजार लिटर तिघांत वाटलं तर कर्दळ वाळते आणि शेवटच्या चेंबरला थेंब येत नाही. कप्प्यांची टाकी मात्र पहिल्यापासून पूर्ण मापाची, ६५-७० घनमीटरची बांधली तरी चालते. तिथे हवा लागत नाही, पाणी चार दिवस जास्त मुरलं तर बिघडत काही नाही. व्हेंट पाइप तेवढा घरांच्या उलट बाजूला आणि उंच न्यायचा.

वाफा म्हणजे बिनकाळजी, असं मात्र कुणी सांगत असेल तर ऐकू नका. वाफा मरतो तो चोंदून, आणि चोंदायची सुरुवात बहुतेक वेळा बांधतानाच होते. १६ बाय १६ च्या वाफ्यात ६० सेंटीमीटर थर म्हणजे साधारण ५४ ब्रास खडी. क्रशरवरून ती डस्टसकट येते. धुऊन न घेता ओतली तर डस्ट पहिल्या पावसात तळाशी बसते आणि वर्षभरात पाणी खडीतून न जाता वरून वाहू लागतं. मग डासही येतात. टेंडरमध्ये '१० ते २० एमएम, धुतलेली' असं स्पष्ट लिहा आणि ट्रकमधली ओंजळभर खडी बादलीत टाकून बघा. पाणी चिखलासारखं झालं तर ट्रक परत. दोन्ही टोकांना मीटरभर पट्टा ४० ते ८० एमएम दगडांचा हवा, नाहीतर पाणी सगळ्या रुंदीत पसरत नाही, एकाच कोपऱ्यातून वाट काढतं.

दुसरा शत्रू शेजारी चाललेलं बांधकाम. गवंडी संध्याकाळी घमेली आणि थापी जवळच्या चेंबरवर धुतो. सिमेंटचं ते पाणी एमबीबीआरला थोडंफार पचतं, खडीला अजिबात नाही. बांधकाम संपेपर्यंत त्या प्लॉटचं कनेक्शन बंद ठेवा आणि टाकीआधी गाळाचं चेंबर करा. गच्चीचं पाणी ड्रेनेजला जोडण्याची खोड मात्र दोन्ही पद्धतींना सारखीच भोवते. जुलैत एमबीबीआरमधला गाळ वाहून जातो आणि वाफ्यावर तळं साचतं.

देखभाल म्हणाल तर वर्षातून एक-दोनदा कर्दळीची छाटणी, दीड-दोन वर्षांनी टाकीतला गाळ टँकरने उपसणं आणि आठवड्याला चेंबरची झाकणं उघडून बघणं. हे काम माळी करतो. वीज लागते ती शेवटच्या फिल्टरच्या पंपाला. युनिटं मोजत बसलो नाही, पण बिलावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवाज चढत नाही, एवढं मोजमाप मला पुरतं.

जमिनीला उतार नसेल, ओपन स्पेस तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असेल किंवा पहिल्याच वर्षी सगळी घरं बांधून विकणार असाल, तर एमबीबीआर घेणं चूक नाही. तेव्हा तो पहिल्या महिन्यापासून पोटभर जेवेल.

वाफेच करायचे ठरले तर जागा सगळ्या जमिनीच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात, पण ओढ्याच्या पूररेषेच्या बाहेर धरा. तिन्ही वाफ्यांच्या इन्व्हर्ट लेव्हल (पाइपच्या तळाची उंची) आजच ड्रॉइंगवर टाका. पाइप टाकून टोपण लावून ठेवलं की चार वर्षांनी रस्ता फोडावा लागत नाही. आउटलेटला फिरणारा एल्बो (काटकोनी पाइपजोड) बसवा. रोपं लावल्यावर पहिले काही आठवडे पाणी खडीच्या पृष्ठभागाजवळ ठेवायचं, मुळं धरली की एल्बो वाकवून हळूहळू उतरवायचं आणि शेवटी पृष्ठभागाखाली पाच ते दहा सेंटीमीटरवर आणून ठेवायचं.