वॉचमनचा पगार नेपाळला कसा पोचतो: इंडो-नेपाळ रेमिटन्सचा रिव्ह्यू

घोडबंदर रोडपासून नेरूळपर्यंत सोसायट्यांच्या गेटवर नेपाळी वॉचमन दिसतातच. त्यांची कमाई घरी पोचावी म्हणून रिझर्व्ह बँकेने 2008 मध्ये इंडो-नेपाळ रेमिटन्स ही बँकेतून नेपाळला पैसे पाठवायची सोय आणली. काम चोख, फक्त ज्याला तिची गरज सर्वांत जास्त, त्यालाच ती जड जाते.

एनईएफटी असलेल्या शाखेतून पैसे जातात. इथे खातं असेल तर एका वेळी 2 लाखांपर्यंत. रोख भरणाऱ्याला 50 हजारांची मर्यादा, तीही वर्षातून 12 वेळाच. 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी, हा दर 1993 पासून बांधलेला आहे. त्यामुळे 'आज रेट कमी आहे' म्हणणारा मध्यस्थ लगेच उघडा पडतो.

घरच्यांचं खातं नेपाळ एसबीआय बँकेत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, फोनवर कळवायचा. तिकडे तो आणि नागरिकता, म्हणजे नेपाळी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, दाखवून पैसे देणाऱ्या एजंटाकडून रोख मिळते. घोळ होतो तो नावात. फॉर्मवर हाकेचं नाव लिहिलं आणि नागरिकतेवर दुसरंच असलं, की एजंट पैसे देत नाही. आठवडाभर कुणी नेले नाहीत तर रक्कम परत फिरते. डोंगरातल्या घरासाठी आठवडा म्हणजे फार नव्हे, म्हणून पैसे निघण्याआधीच फोन करायला सांगा.

एवढा काथ्याकूट कशासाठी? अछाम, डोटी, बझांगसारख्या गरीब जिल्ह्यांतला माणूस भारतात येतो, कारण 1950 च्या तहामुळे व्हिसा लागत नाही. आखातात किंवा मलेशियात जायला आधी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाचे पैसे भरावे लागतात. ते ज्याच्याकडे जमीन किंवा पत आहे त्यालाच जमतं, आणि मोठ्या रकमाही त्याच घरांत येतात. नेपाळात 1995-96 ते 2003-04 दरम्यान गरिबी 42 वरून 31 टक्क्यांवर आली, पण विषमता मोजणारा गिनी निर्देशांक 0.34 वरून 0.41 झाला. 2010-11 मध्ये तो 0.33 पर्यंत उतरला. याला कारणं अनेक, पण बाहेरून येणारा पैसा कोणत्या घरात पडतो हे त्यातलं एक. भारतातली रक्कम लहान, पण जाते थेट तळच्या घरात.

आणि नेमका हाच माणूस ओळखपत्रावर अडतो. योजनेच्या नियमांत मालकाने दिलेलं फोटोसह ओळखपत्रही धरलेलं आहे. तरीही काही काउंटरवर आधार मागतात, तेव्हा शाखेत आधी विचारा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेटरहेडवर पत्र दिलं तर निम्मं काम होतं. पहिल्यांदा 500 रुपयेच पाठवा, पोचल्याचा फोन आला की बाकीचे.