बँकॉकमध्ये एकच भारी थाई जेवण घ्यायचं असेल, तर टेस्टिंग मेन्यू की समरप?

बाकीचे दिवस रस्त्यावर खाऊन काढायचे आणि एक संध्याकाळ मोठ्या रेस्टॉरंटसाठी राखून ठेवायची, असा बेत बँकॉकला जाणारे बरेच जण आखतात. बेत चांगलाच आहे. रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशलिन गाइडची बँकॉक आवृत्ती 2017च्या डिसेंबरात आली, तेव्हापासून नावांना तोटा नाही. अडचण पुढे येते. ही रेस्टॉरंटं दोन जातींची असतात आणि बुकिंग करताना हे कुणी सांगत नाही. एका जातीत तुम्ही काहीच निवडायचं नसतं. आठ-दहा किंवा त्याहून जास्त छोटे पदार्थ एकामागून एक येतात, प्रत्येकाची माहिती सांगितली जाते, म्हणजेच टेस्टिंग मेन्यू. दुसरीकडे पदार्थ मागवायचे, ते सगळे एकदम टेबलावर येतात, प्रत्येकाच्या पुढे भात असतो आणि सगळे मिळून वाटून खातात. अशा मांडलेल्या जेवणाला थाई भाषेत समरप म्हणतात.

माझा कल आधीच सांगून टाकतो. चौघं किंवा जास्त असाल तर डोळे झाकून समरप. एकटे असाल तर टेस्टिंग मेन्यू. दोघं असाल तर मात्र खरा पेच आहे आणि हे सगळं लिहिलंय ते मुख्यतः त्या दोघांसाठी.

थाई भाषेत जेवण्याला 'किन खाओ' म्हणतात, शब्दशः 'भात खाणे'. भात सोडून टेबलावर जे जे असतं त्याचं एकत्रित नाव 'कप खाओ', म्हणजे 'भातासोबतचं'. या दोन शब्दांत या स्वयंपाकाचं निम्मं व्याकरण आलं. पदार्थ मुळात एकटा खाण्यासाठी बेतलेलाच नसतो. 'नाम प्रिक' हे मिरची, लसूण आणि 'कापी' म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट कुटून केलेलं वाटण. नुसतं चाखलं तर जीभ सोलून निघेल. त्याच्याबरोबर कच्च्या-वाफवलेल्या भाज्या, एखादा गोडसर मांसाचा तुकडा आणि भात आला की ते जागेवर बसतं. 'गेंग सोम' ही नारळाचं दूध न घातलेली पातळ, आंबट-तिखट करी. तिच्या शेजारी साधं तळलेलं ऑम्लेट असलं की दोघांचंही भलं होतं. सूपसुद्धा आधी येत नाही, ते जेवणाबरोबरच मध्येमध्ये प्यायचं. एक पदार्थ मुद्दाम खारट, दुसरा मुद्दाम आंबट, तिसरा सौम्य. तोल ताटलीत सांभाळलेला नसतो, तो टेबलभर पसरलेला असतो.

आता यातलाच एक पदार्थ उचलून एकट्याने मोठ्या पांढऱ्या ताटलीत आणून ठेवा. शेफला त्याची धार कमी करावी लागते. खारटपणा कमी, तिखट बेताचं, थोडी गोडी वाढवलेली, कारण शेजारी सावरून घ्यायला कुणी नाही. टेस्टिंग मेन्यूबद्दल माझी मूळ तक्रार एवढीच आहे. (एकामागून एक ताटल्या आणण्याची रीत युरोपातसुद्धा 19व्या शतकातच रुळली. त्याआधी तिथेही बरंच काही एकदम मांडलं जायचं.)

हे मी एकदा चांगलंच अनुभवलंय. नाव राहू दे. सातवा कोर्स म्हणून खेकड्याची करी आली. नारळाची दाट साय उकळून तेल सुटेपर्यंत फोडायची आणि त्या तेलात मसाला परतायचा, या जुन्या पद्धतीने केलेली, वास दारातून येतानाच कळला. सोबत भात आला तो दोन चमचे, वाटीत दाबून पालथा घातलेला. भात संपला, करी उरली. अजून भात मागितला तर वेटर अदबीने म्हणाला, पुढचे कोर्स आहेत, पोट राखून ठेवा. इतकी चांगली करी तशीच परत गेली, याची चुटपुट अजून आहे.

पण टेस्टिंग मेन्यूची बाजूही भक्कम आहे. थाई स्वयंपाकात एका घासाचे पदार्थ पूर्वीपासून आहेत. 'मियांग खाम' पाहा: पानाच्या द्रोणात भाजलेलं खोबरं, आलं, लिंबाची सालीसकट फोड, सुकी कोळंबी, शेंगदाणे आणि वरून दाट गोडसर पाक. किंवा 'मा हो', अननसाच्या तुकड्यावर ठेवलेला गोड-खारट खिमा. हे पदार्थ लहान ताटलीत येण्यासाठीच जन्मलेत. शिवाय आपण मेन्यूकार्ड हातात घेतलं की बोट ओळखीच्याच नावांवर जातं. शेफच्या हाती सूत्रं दिली की एरवी कधी मागवलं नसतं ते पुढ्यात येतं. थितिद तस्सनाकाजोन या शेफचं 'ले दू' हे याचं उत्तम उदाहरण. 2023मध्ये आशियातल्या 50 सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत ते पहिलं आलं. नाव फ्रेंच वाटतं, पण ते थाईतल्या 'रदू' या शब्दावरून आहे आणि तो शब्द म्हणजे आपला 'ऋतु'. (थाईत अन्नाला 'आहान' म्हणतात आणि चवीला 'रोत'. आहार आणि रस तिथवर पोचलेत.)

समरपचा धोका वेगळा आहे: निवड तुमची, म्हणून चूकही तुमचीच. सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येकाने आपापल्या आवडीचा एकेक पदार्थ सांगणे. चौघांनी मिळून हिरवी करी, मस्सामान, तोम खा आणि पनेंग मागवली तर टेबलावर नारळाच्या दुधाचे चार तलाव येतात आणि अर्ध्या तासात सगळ्यांना जडपणा येतो. मागवणारा एकच असावा. नारळाच्या दुधाची करी एकच. दुसरा रस्सा पातळ आणि आंबट, म्हणजे तोम यम किंवा गेंग सोम. एक 'याम', लिंबू-मिरचीत कालवलेली कोशिंबीर. एक नाम प्रिक, भाज्यांसकट, आणि हे टाळू नका, कारण चांगल्या थाई स्वयंपाकघराची ओळख इथे पटते. मग एक सौम्य पदार्थ, परतलेला किंवा वाफवलेला. चौघांना पाच पदार्थ पुष्कळ होतात. पॅड थाई शोधू नका. तो एकट्याने खायचा नूडल्सचा पदार्थ आहे, 1940च्या आसपास सरकारी उत्तेजनाने देशभर पसरलेला. या जेवणात त्याला जागा नसते.

खाताना सगळं एकदम वाढून घ्यायचं नाही. एका वेळी एका पदार्थाचे एक-दोन चमचे भातावर घ्यायचे, ते संपवून दुसऱ्याकडे वळायचं. उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा. काट्याचं काम फक्त ढकलण्याचं. चॉपस्टिक मागितल्या तर देतील, पण त्या नूडल्ससाठी असतात.

तिखटाचा प्रश्न दोन्हीकडे आहे, त्याचं स्वरूप निराळं. समरपमध्ये 'पेत नित नोय', म्हणजे थोडंसं तिखट, असं सांगून ठेवता येतं आणि एखादा पदार्थ झेपलाच नाही तर बाकीचे आहेत. टेस्टिंग मेन्यूत तिखट साधारणपणे सांभाळलेलं असतं, पण दक्षिण थायलंडचं जेवण असेल तर त्या भरवशावर राहू नका. तिथली छोटी मिरची 'प्रिक खी नू' या नावाने ओळखली जाते, शब्दशः 'उंदराच्या लेंड्यांची मिरची'. आकारावरून फसू नये हा त्या नावातला इशारा समजा.

शाकाहारी असाल तर मात्र माझा सल्ला उलटतो. 'नाम प्ला' हा माशाचा सॉस वरून घातलेला असतो, तो वगळता येतो. पण कापी करीच्या मसाल्यात आधीच कुटलेली असते आणि मसाला सकाळीच तयार झालेला असतो. ऐन वेळी 'मांस नको' सांगितलं तर मांसाचे तुकडे तेवढे जातील, कोळंबीची पेस्ट राहील. टेस्टिंग मेन्यूवाल्या बऱ्याच ठिकाणी बुकिंग करतानाच पथ्य विचारतात, काही ठिकाणी शाकाहारी मेन्यू वेगळा असतो आणि त्याचा मसालाही वेगळा कुटतात. तेव्हा शाकाहारी माणसाला, तोही कडक असेल तर, असा वेगळा मेन्यू लेखी कबूल करणारं ठिकाणच बरं. 'जे' हा कडक शाकाहारासाठीचा थाई शब्द उपयोगी पडतो. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काहीच चालत नाही, फक्त लसूण-कांदाही जातो हे लक्षात ठेवा. काही ठिकाणी मेन्यूत बदल अजिबात करत नाहीत. ते आधीच विचारलेलं बरं.

पैशांचं थोडक्यात. टेस्टिंग मेन्यूचा आकडा माणशी ठरलेला, बहुधा सगळ्या टेबलाला तोच, आणि बरेचदा आधी भरावा लागतो. रद्द केलं तर परत मिळेलच असं नाही. समरपमध्ये खर्च तुमच्या हातात राहतो. दोन्हीकडे किमतीपुढे '++' अशी खूण दिसली तर 10 टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर 7 टक्के व्हॅट धरा. 1000 बाट लिहिलेल्या जेवणाचे 1177 होतात. वेळ: टेस्टिंगला अडीच-तीन तास, समरपला दीड तास पुरतो. चप्पल आणि हाफ पँट दोन्हीकडे नको.

आता दोघांबद्दल. दोन माणसांत समरपची मजा निम्मी होते, कारण पाच पदार्थ मागवले तर वाया जातात आणि तीन मागवले तर तोल जमत नाही. अशा वेळी मधला मार्ग असलेली ठिकाणं शोधावीत, जिथे सुरुवातीला एकेक घासाचे पदार्थ क्रमाने येतात आणि मुख्य जेवण भातासकट एकदम मांडलं जातं. 2018मध्ये सुरू झालेलं आणि दक्षिण थायलंडच्या स्वयंपाकाला वाहिलेलं 'सोर्न' याच रीतीने वाढतं. 2025च्या गाइडमध्ये तीन मिशलिन तारे मिळवणारं ते पहिलं थाई रेस्टॉरंट ठरलं. जिथे भात बाजूला सारला नाही तिथेच हा मान गेला, याचं मला खूप बरं वाटलं. तिथे टेबल मिळणं महाकठीण, पण या धाटणीने वाढणारी दुसरीही ठिकाणं शहरात आहेत.

ती ओळखायला तारे मोजत बसू नका. बुकिंगच्या वेळी दोनच प्रश्न विचारा: मुख्य पदार्थ भातासोबत एकदम येतात का, आणि भात संपला तर पुन्हा मिळतो का? मी आता दुसरा प्रश्न आधी विचारतो.