गोड-खारट चिकन: स्लो कुकर की पॅन?

मध किंवा ब्राउन शुगर, सोया सॉस, आले, लसूण आणि व्हिनेगर यांच्या मिश्रणात शिजणारे चिकन रात्रीच्या जेवणाला करायचे असेल, तर ते स्लो कुकरमध्ये, म्हणजे तासन्‌तास मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, लावावे की जाड बुडाच्या पॅनमध्ये गॅसवर करावे, हे आधी ठरवावे लागते. खरी अडचण अशी, की या पदार्थात मांसाची आणि सॉसची गरज एकमेकींच्या विरुद्ध असते. मांसाला झाकलेली, ओलसर आणि मंद आच मानवते. सॉस दाट आणि चकचकीत व्हायचा, तर त्यातले पाणी उडून जावे लागते.

चिकनच्या मांडीचे तुकडे असतील, तर स्लो कुकर निःसंशय सरस ठरतो. मांडीत कोलॅजन, म्हणजे मांसाचे तंतू बांधून ठेवणारे चिवट प्रथिन, भरपूर असते आणि मंद आचेवर ते हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते. त्यामुळे मांस मऊ पडते आणि रसालाही अंगचा दाटपणा येतो. हाडाविना तुकड्यांना ‘लो’वर साधारण ४ ते ६ तास, तर ‘हाय’वर अडीच ते साडेतीन तास लागतात. बहुतेक स्लो कुकरमध्ये या दोन्ही खुणांवर शेवटी गाठले जाणारे तापमान जवळपास सारखेच, म्हणजे उकळीच्या किंचित खाली असते. फरक असतो तो तिथवर पोहोचायला लागणाऱ्या वेळेचा. म्हणूनच ‘लो’वर ठेवले की छातीचे मांस दिवसभर मऊ राहील, असे समजू नये. त्यात कोलॅजन फार थोडे असते, आणि ७४ अंश सेल्सिअस हे सुरक्षित तापमान ओलांडून ते शिजतच राहिले, तर कोरडे आणि तंतुमय होते. हाताशी तेच मांस असेल आणि वेळ जेमतेम अर्धा तास असेल, तर पॅनच निवडावा.

रंग आणि चकाकी यांत मात्र पॅन पुढे आहे. मांसावर खमंग तपकिरी थर येण्यासाठी पृष्ठभाग सुमारे १४० अंशांच्या वर तापावा लागतो, आणि ओल्या रसात बुडालेले चिकन तिथवर कधीच पोहोचत नाही. शिवाय स्लो कुकरच्या झाकणाखाली वाफ अडकून राहते आणि चिकनचेही पाणी सुटते, त्यामुळे सॉस पातळच राहतो. पाणी जवळजवळ घालूच नये. उलट पॅनमध्ये साखर आणि मध चटकन करपतात, म्हणून शेवटची काही मिनिटे तिथून हलता येत नाही. प्रेशर कुकर वेळ वाचवतो, पण गोड, दाट सॉस त्याच्या तळाला लागतो. या पदार्थासाठी मी तो सुचवणार नाही.

स्लो कुकर निवडल्यास चिकन पूर्ण वितळलेले असावे, कारण गोठलेले तुकडे ४ ते ६० अंशांच्या टप्प्यात, म्हणजे जिवाणू झपाट्याने वाढतात त्या तापमानात, फार वेळ रेंगाळतात. कातडी लिबलिबीत होते, ती आधीच काढावी. मध्येच झाकण उघडण्याचा मोह टाळावा. दर वेळी शिजण्याचा काळ १५ ते २० मिनिटांनी लांबतो.

वेळ हाताशी असेल, तर माझा कौल दोन्ही भांड्यांना आहे: मांडीचे तुकडे स्लो कुकरमध्ये शिजवून बाहेर काढावेत आणि रस पॅनमध्ये उकळून निम्मा करावा. तो आटताना खारटपणाही वाढतो, त्यामुळे सोया सॉस सुरुवातीला हात राखून घालावा आणि व्हिनेगरचा शेवटचा चमचा गॅस बंद केल्यावरच घालावा.