फ्लिर सी५: फरक मोजायला झकास, आकडा छापायचा तर जपून

फ्लिर सी५ हा खिशात मावणारा थर्मल कॅमेरा मुळात वायरिंगमधले गरम सांधे आणि भिंतीतली ओल शोधायला बनवलेला. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी किंवा पीएच.डी.च्या प्रयोगासाठी तो घ्यावा का, एवढंच इथे बघायचं आहे.

१६० × १२० पिक्सेल, मापनाची कक्षा उणे २० ते ४०० अंश सेल्सिअस, सेकंदाला ८.७ चित्रं. संवेदनशीलता ०.०७ अंश, पण अचूकता ० ते १०० अंशांमध्ये अधिक-उणे ३ अंश. सगळी मेख या शेवटच्या दोन आकड्यांत आहे. एकाच चित्रातल्या दोन जागांमधला बारीक फरक हा कॅमेरा छान पकडतो. पण त्यातली एक जागा नेमकी ४१ अंशांवर आहे की ४४, हे तो छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यात ही अचूकता भोवतालचं तापमान १५ ते ३५ असतानाच लागू. बडोद्यातला मे महिना आणि एसी नसलेली लॅब म्हणजे ती अटच मोडली.

सर्वांत जास्त घोळ होतो तो एमिसिव्हिटीचा, म्हणजे पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती चांगली बाहेर टाकतो हे सांगणाऱ्या ० ते १ मधल्या आकड्याचा. कॅमेरा तापमान मोजत नाही, ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यातलं प्रारण (वस्तूतून येणारे अदृश्य उष्णताकिरण) मोजतो आणि आपण भरलेल्या एमिसिव्हिटीवरून अंश काढतो. चकचकीत ॲल्युमिनियमची पट्टी ८० अंशांवर आहे, तिची एमिसिव्हिटी ०.१ आहे आणि सेटिंग ०.९५ वर राहिलंय असं समजा. ३० अंशांच्या खोलीत पडद्यावर जेमतेम ३६ दिसतील. पट्टी गार आहे असं वाटून कोणी बोट लावलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. पट्टीवर दिसणारी उष्णता बहुतेक खोलीचीच, आरशातल्यासारखी परावर्तित झालेली.

उपाय स्वस्त आहे. रावपुऱ्यात कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळणाऱ्या काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा पृष्ठभागावर हवेचा बुडबुडा न ठेवता चिकटवा, सेटिंग ०.९५ ठेवा आणि टेपवरचंच तापमान वाचा. टेपखाली के-टाइप थर्मोकपलचं (तारेच्या टोकाने तापमान मोजणाऱ्या साधनाचं) टोक दाबून बसवलं की ताडून बघायलाही सोय होते. ८० अंशांच्या वर टेप सुटू लागते. तिथे उष्णता सोसणारा मॅट काळा रंग मारा. भोवतालची जी उष्णता वस्तूवरून परावर्तित होते तिचं तापमान काढण्यासाठी ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून पुन्हा पसरा, वस्तूच्या जागी ठेवा, एमिसिव्हिटी १ करून वाचा आणि तो आकडा सेटिंगमध्ये भरा. कॅमेरा अगदी समोर धरू नका, १०-१५ अंश तिरका ठेवा, नाहीतर तुमच्याच चेहऱ्याची ऊब मोजली जाईल.

लेन्स रुंद आहे, ५४ अंशांची. ३० सेंटीमीटरवरून एक पिक्सेल साधारण १.८ मिलिमीटर व्यापतो आणि भरवशाच्या मापाला किमान ३ × ३ पिक्सेल हवेत, म्हणजे साडेपाच मिलिमीटर. सर्किट बोर्डावरचा ३ मिलिमीटरचा रेझिस्टर या अंतरावरून नेहमी खऱ्यापेक्षा गारच दिसणार, कारण भोवतीचा बोर्ड त्यात मिसळतो. १० सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं, पण तिथे एमएसएक्स (शेजारच्या साध्या कॅमेऱ्याच्या चित्रातल्या कडा थर्मल चित्रावर चढवणारी सोय) बंद करा. दोन कॅमेऱ्यांतल्या अंतरामुळे साध्या चित्राच्या कडा भलतीकडे सरकतात.

वनस्पतिशास्त्रवाल्यांना मात्र हा बिनधास्त सुचवावा. पानांची एमिसिव्हिटी ०.९६-०.९८ असते, त्यामुळे टेपची भानगडच नाही. रोपाला पाण्याचा ताण बसला की पर्णरंध्रं मिटतात, बाष्पोच्छ्वास कमी होतो आणि पान तापतं. एकाच चौकटीत तीन पानं घ्या: मोजायचं एक, पाणी फवारून ओलं केलेलं दुसरं, दोन्ही बाजूंनी व्हॅसलिन चोपडून बाष्पोच्छ्वास बंद केलेलं तिसरं. मोजायच्या पानातून ओल्याचं तापमान वजा करा, मग व्हॅसलिनवाल्यातून ओल्याचं वजा करा आणि पहिल्या वजाबाकीला दुसरीने भागा. उत्तर ०च्या जवळ म्हणजे ताण कमी, १च्या जवळ म्हणजे ताण जास्त. तिन्ही पानांवर सारखीच असलेली कॅमेऱ्याची चूक वजाबाकीतच निघून जाते. ± ३ अंशांचं इथे फारसं अडत नाही.

चित्रं रेडिओमेट्रिक जेपेगमध्ये साठतात, म्हणजे चित्राबरोबर प्रत्येक पिक्सेलचं मापही जपलं जातं, त्यामुळे एमिसिव्हिटी नंतर संगणकावरही बदलता येते. चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. मधूनमधून शटरची टिकटिक होऊन आकडा उडी मारतो. तो बिघाड नव्हे, कॅमेरा स्वतःला जुळवून घेतोय. बॅटरी ४ तास. काचेतून मोजायला जाऊ नका, ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात काच अपारदर्शक असते. पातळ पॉलिथीन चालतं, पण त्यातूनही थोडं प्रारण अडतं, तेव्हा आधी टेप आणि थर्मोकपल लावून किती अडतं ते बघून घ्या. जलद उष्णताबदल, धातूंचे प्रयोग आणि अर्ध्या अंशाची अचूकता मागणारं काम असेल, तर गाइडला आधीच सांगा की सी५ पुरणार नाही.