जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डसाठी कार्बोरेटर रिपेअर किट : स्लोला टिकत नसेल तर घ्या, पण पूर्ण वापरा

१५ हॉर्सपॉवरची दोन सिलिंडरची जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवायची मोटर) आहे माझी, १९८० च्या दशकातली. तक्रार तीच जी जुनी मोटर वापरणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते, फुल्ल रेसला सुसाट पळणार पण रेस सोडली की मिस मारायला लागणार, आणि न्यूट्रलला कशीबशी चालली तरी गिअर टाकला की फट्कन बंद. धक्क्याला लागताना किंवा दुसऱ्या बोटींच्या मधून जाताना मोटर अशी बंद पडणं म्हणजे नुसता वैताग नाही, धोका आहे. त्यासाठी हे किट घेतलं. निकाल आधीच सांगून टाकतो, किट चांगलं आहे, मोटर आता गिअरात असताना स्लोला आरामात टिकते. पण ज्या पार्टमुळे खरा फरक पडला तो बरेच जण पाकिटातच ठेवून देतात, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

किट मूळ कंपनीचं नाही, बाहेरचं आहे. जुन्या मोटरींच्या बाबतीत बऱ्याचदा दुसरा चांगला पर्याय उरत नाही, उदाहरणार्थ जॉन्सन आणि एव्हिनरूड या आउटबोर्ड मोटरी बनवणारी ओएमसी कंपनी २००० च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली, पुढे बीआरपी या कॅनडाच्या कंपनीने ते काम घेतलं आणि २०२० मध्ये एव्हिनरूड मोटरी बनवणंही बंद केलं. म्हणजे जगभरात अजून चालू असलेल्या कितीतरी मोटरींना आता बऱ्याचदा बाहेरच्या पार्टवर दिवस काढायचे आहेत, त्यामुळे असे किट चांगले निघणं फार महत्त्वाचं आहे.

किट मागवण्याआधी एक काम मात्र कराच. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते बघा. गेज लावून दोन्ही सिलिंडर मोजा, आकडा किती यापेक्षा दोघांत फरक किती हे महत्त्वाचं, साधारण दहा टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा. एक सिलिंडर अगदीच खाली असेल तर कार्बोरेटर सोन्याचा बसवला तरी ती मोटर स्लोला चालणार नाही. मग स्पार्क बघा, दोन्ही प्लगना जोरदार निळा स्पार्क हवा. सोपी टेस्ट म्हणजे मोटर चालू असताना एकेका सिलिंडरचा स्पार्क बंद करून बघायचा (वायर नुसती लोंबकळत सोडू नका, अर्थिंग द्या, नाहीतर इलेक्ट्रॉनिक इग्निशनला मार बसतो). ज्या सिलिंडरचा स्पार्क काढल्यावर आवाजात काही फरकच पडत नाही तो आधीपासून कामच करत नव्हता. पुष्कळ मोटरी फुल्ल रेसला दोन सिलिंडरवर आणि स्लोला एकावर चालत असतात आणि दोष कार्बोरेटरच्या माथी मारला जातो. माझ्या मोटरीत दोन्ही गोष्टी ठीक होत्या आणि चोक अर्धा ओढला की मोटर सुधारायची. चोक ओढल्यावर सुधारते म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि फक्त स्लोलाच कमी पडतंय म्हणजे कार्बोरेटरमधल्या आयडलच्या (स्लोच्या) बारीक वाटा तुंबल्यात.

आता पाकीट उघडलं की काय निघतं ते. फ्लोटची सुई (येणारं पेट्रोल बंद-चालू करणारी) आणि तिची सीट, नवा फ्लोट (पेट्रोलवर तरंगून सुई हलवणारा), बाऊलचं (कार्बोरेटरच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीचं) गॅस्केट, मॅनिफोल्डचं (कार्बोरेटर इंजिनला जोडतो त्या भागाचं) गॅस्केट, ओ-रिंगा, फायबरचे वॉशर, आयडल स्क्रूचं (स्लोचं मिश्रण जुळवायच्या स्क्रूचं) पॅकिंग आणि एक छोटीशी गोल पत्र्याची टिकली. ही टिकली म्हणजे कोअर प्लग. कार्बोरेटरच्या अंगावर एका जागी ती ठोकून बसवलेली असते आणि तिच्याखाली एक छोटा कप्पा असतो. त्या कप्प्यातून दोन-तीन बारीक भोकं थेट थ्रॉटलच्या पाकळीजवळ (रेस दिली की उघडणारी झडप) उघडतात, स्लोला आणि स्लोवरून रेस वाढवताना मोटरला मिळणारं पेट्रोल इथूनच येतं. मेन जेट, म्हणजे फुल्ल रेसला पेट्रोल देणारं भोक, तेव्हा जवळपास झोपलेला असतो. ही भोकं इतकी बारीक की सुकलेल्या पेट्रोलचा पातळ थर बसला तरी खेळ खलास, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं त्यामुळे ते महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर आत पांढुरकी बुरशीसारखी घाण आणि चिकट थर दोन्ही तयार होतात.

आणि इथेच लोक कंटाळा करतात. बाऊल काढला, मेन जेट साफ केला, स्प्रे मारला, नवं गॅस्केट लावलं, झालं. फुल्ल रेसला मोटर आधीही छान चालत होती, आताही चालते, स्लोचा प्रॉब्लेम जागच्या जागी. मग किटला एक स्टार मिळतो, जो किटचा दोष नाही.

टिकली काढायला बारीक ड्रिलने मधोमध अगदी वरवर भोक पाडायचं, ड्रिल आत घुसता कामा नये कारण खाली लगेच कप्प्याचं अ‍ॅल्युमिनियम आहे, मग त्यात टोकदार हत्यार अडकवून उचकटायची. माझ्या कार्बोरेटरमध्ये खाली मधाच्या रंगाचा थर होता आणि तीन भोकांपैकी पाकळीला सगळ्यात जवळचं भोक पूर्ण बंद. आयडलचं भोक ते, बाकी दोन उघडी होती म्हणून रेस दिली की मोटर बरी वाटायची. भोकं साफ करायला तार किंवा ड्रिल अजिबात वापरू नका, एकदा भोक मोठं झालं की कार्बोरेटर फेकायचाच. ब्रशचा एक केस किंवा मासेमारीचा नायलॉनचा धागा घ्या, क्लीनर स्प्रे मारा, मग हवा मारा. डोळ्यांना चष्मा लावा, कारण एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्या भोकातून सरळ तोंडावर येतो. रबर आणि प्लास्टिकचं सगळं आधी काढून ठेवायचं, क्लीनरमध्ये ते फुगतं.

नवी टिकली फुगीर बाजू वर ठेवून बसवायची आणि सपाट पंच ठेवून मध्यावर हलका ठोका द्यायचा, ती पसरून कडेला घट्ट बसते. कडेला पेट्रोलने न विरघळणारं सीलंट थोडंसं फिरवा. टिकलीतून हवा शिरली तर केलेलं सगळं वाया. किटमधली टिकली मापाला अगदी बरोबर निघाली, यासाठी बनवणाऱ्याचं खरंच कौतुक.

सुई आणि सीटही उत्तम. तपासायची पद्धत सोपी, कार्बोरेटर उलटा धरा म्हणजे फ्लोटच्या वजनाने सुई बंद होते, पेट्रोलच्या नळीत तोंडाने फुंका, हवा जाता कामा नये, सरळ केला की मोकळी जायला हवी. जुन्या सुईला टोकाला गोल खाच पडली होती, नवीन पहिल्याच फुंकेत बंद. फ्लोटची उंची आपल्या मॉडेलच्या पुस्तकात बघून जुळवा, बऱ्याच जुन्या मोटरींत उलटा धरल्यावर फ्लोट बॉडीच्या कडेला समांतर हवा. फ्लोट जास्त वर राहिला तर पेट्रोल भरून वाहतं, मोटर धूर काढते आणि प्लग ओले होतात, लोक मग आयडल स्क्रूशी भांडत बसतात.

किटमध्ये काय आवडलं नाही तेही सांगतो. बाऊलचं गॅस्केट दोन प्रकारचं दिलंय, कुठलं कुठल्या मॉडेलचं हे कागदावर लिहिलेलंच नाही, जुन्यावर ठेवून भोकं जुळवून बघावी लागतात. फ्लोटची पिन दिलेली नाही, जुनीच वापरायची, ती झिजली असेल तर वेगळी शोधा. सूचनांचा कागद नुसता चित्रांचा आणि चित्रं इतकी छोटी की टिकलीखाली काय आहे ते त्यात दिसतच नाही. ज्या गोष्टीवर सगळं अवलंबून आहे तीच कागदावर नसावी हे मला पटलं नाही. फ्युएल पंपाचा डायफ्राम किटमध्ये नाही, तो वेगळा घ्यावा लागतो आणि मी म्हणेन सोबतच घ्या. तो पंप क्रँककेसच्या (पिस्टनखालच्या बंद कप्प्याच्या) दाबावर चालतो, डायफ्राम फाटला की पेट्रोल त्याच वाटेने थेट क्रँककेसमध्ये जातं आणि एक सिलिंडर स्लोला कायम ओला राहतो. ती लक्षणं कार्बोरेटरसारखीच दिसतात.

बसवून झाल्यावर सेटिंग, आणि यात घाई करणाऱ्यांना कुठलंच किट वाचवू शकत नाही. आयडल स्क्रू हलक्या हाताने शेवटपर्यंत आत, दाबायचा नाही, दाबला की टोकाला कडा पडते, मग साधारण दीड फेरा बाहेर, ही फक्त सुरुवात. बोट पाण्यातच हवी, नीट दोरांनी बांधलेली, मोटर गरम झालेली आणि पुढच्या गिअरात. मोटरच्या पाणी ओढायच्या भोकांना नळीचे कप लावून किंवा बादलीत केलेलं सेटिंग खरं नसतं, कारण एक्झॉस्टवर पाण्याचा दाब आणि प्रोपेलरवर लोड दोन्ही वेगळे असतात. (आणि पाण्याशिवाय तर मोटर एक क्षणही चालवू नका, पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर लगेच जळतो.) मग स्क्रू एकअष्टमांश फेरा आत, थांबा, मोटरला उत्तर द्यायला पंधरा-वीस सेकंद लागतात, परत एकअष्टमांश. एका ठिकाणी मोटर कार्बोरेटरमधून शिंकल्यासारखा फट आवाज करेल, तिथे मिश्रण पातळ झालं. तिथून पाव फेरा बाहेर घ्या आणि सोडून द्या. कानाला सगळ्यात गोड लागतं त्यापेक्षा किंचित जाड मिश्रण ठेवलं की न्यूट्रलमधून एकदम गिअर टाकला तरी मोटर बंद पडत नाही. हे स्क्रू पेट्रोलचं प्रमाण बदलतो अशा कार्बोरेटरबद्दल आहे, काहींत तो हवेचा असतो, तिथे दिशा उलटी.

माझ्या मोटरीचा आयडल आता गिअरात ७०० आरपीएमच्या आसपास स्थिर आहे, आवाज एकसारखा, दोरीच्या पहिल्या ओढीत गरम इंजिन सुरू. दोन्ही प्लग एकाच तपकिरी रंगाचे निघाले, आधी एक काळा आणि ओला असायचा.

एवढं करूनही तुमची मोटर स्लोला हाकत असेल, म्हणजे रेस आपोआप वरखाली होत असेल, तर हवा कुठून तरी शिरतेय. मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि क्रँकशाफ्टचं वरचं सील बघा. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलचे तुषार उलटे येत असतील तर रीड व्हॉल्व्ह (मिश्रण फक्त आत जाऊ देणाऱ्या पातळ पट्ट्या) बघा. थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल तर मोटर थंड राहते आणि थंड टू-स्ट्रोक स्लोला कधीच नीट चालत नाही, हे फार कमी लोक तपासतात. यातलं काहीही या किटने सुटणार नाही.

पाचपैकी चार स्टार देतोय, एक त्या कागदासाठी आणि पिनसाठी कापला. ऑर्डर करताना नुसती हॉर्सपॉवर बघू नका, एकाच हॉर्सपॉवरला वेगवेगळ्या वर्षांत वेगळे कार्बोरेटर आलेत. मोटर बोटीला अडकवायच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल नंबर द्या, आणि कोअर प्लग नसलेलं किट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.