इन फ्लेम्सची ‘ब्लॅक-अ‍ॅश इनहेरिटन्स’: आकार कापलेल्या सीडीसोबत जळगावातले काही महिने

ज्यांना फक्त गाणी हवी आहेत त्यांनी ही सीडी शोधत फिरू नये. याच बँडच्या ‘द जेस्टर रेस’ या अल्बमची नंतर निघालेली आवृत्ती घ्यावी, तिच्या शेवटी या ईपीची, म्हणजे अल्बमहून छोट्या सीडीची, चारही गाणी जोडलेली आहेत. मला मात्र १९९७ सालची मूळ आकार कापलेली सीडीच हवी होती. दिवाळीनंतर ती जुन्या मालातून मिळाली. हिवाळा गेला, आपल्याकडचा मे महिना गेला, आता पाऊस लागलाय. एवढ्या वापरानंतर तिच्याबद्दल खात्रीने लिहू शकतो.

इन फ्लेम्स हा स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा बँड. डेथ मेटल या जड रॉक प्रकाराचा खर्जातला, घसा खरवडणारा आवाज आणि त्यावर दोन गिटारींनी जोडीने वाजवलेल्या, गुणगुणता येतील अशा सुरावटी, हे त्या शहराचं देणं. १९९६ ला ‘द जेस्टर रेस’ आला, १९९७ च्या अखेरीस ‘हूरॅकल’. न्यूक्लिअर ब्लास्ट या रेकॉर्ड कंपनीने काढलेली ही छोटी ईपी त्या दोघांच्या मधली. येस्पर स्ट्रोम्ब्लाड आणि ग्लेन ल्युंगस्ट्रोम गिटारवर, योहान लार्सन बासवर, आन्देर्स फ्रिडेन गायला, आणि पुढे गिटारवादक म्हणून ओळखला गेलेला ब्यर्न गेलोट तेव्हा ड्रमवर. माझ्या मते बँडचा सर्वांत चांगला काळ हाच.

आता सीडीबद्दल. ती गोल नाही. किनार वर छापलेल्या चित्राच्या मागोमाग वळत जाते, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला ती वाजेल यावर विश्वासच बसत नाही. आमच्या आजीने हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, “हाई काय शे रे?” गाण्याची सीडी आहे म्हटल्यावर तिने ती दोन्ही हातांनी परत दिली.

ती वाजते कशी, हे समजून घेतलं की वापरताना भीती राहत नाही. सीडीचं वाचन आतून बाहेर होतं. मधल्या भोकाभोवतीची जागा सोडून, केंद्रापासून २५ मिलीमीटरवर ध्वनी सुरू होतो आणि सर्पिल रेघ बाहेर सरकत जाते. नेहमीची सीडी १२० मिलीमीटर व्यासाची, तिच्यात ७४ मिनिटं मावतात. इथे एकूण संगीत पंधरा मिनिटांच्या आसपास. हिशेब केला तर तेवढ्याला केंद्रापासून जेमतेम ३५ मिलीमीटरपर्यंतची जागा लागते. त्यापलीकडचं प्लास्टिक मोकळं, म्हणून ते हवं तसं कापता येतं. पूर्ण अल्बम असा कापता आला नसता. संगीत आखूड आहे म्हणून हा आकार शक्य झाला, आणि मला या वस्तूत सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच: तिचं रूप आणि तिच्यातला मजकूर एकमेकांच्या मापाचे आहेत.

पण प्लेअर निवडून वापरा. माझा जुना डेक ट्रेवाला आहे. गोलाणी मार्केटमधल्या एका कारागिराकडून लेन्स साफ करून आणि ट्रेचा पट्टा बदलून घेतला, त्यावर ती एकदाही अडली नाही. फक्त ट्रेवर ठेवताना भोक बरोबर मध्यावर आलंय ना ते बघायचं, कारण गोल कड नसल्याने खाच तिला आपोआप मधे बसवत नाही. वरून झाकण उघडून मधल्या खुंटीवर दाबून बसवायचे छोटे प्लेअर याहून सोयीचे. गाडीतल्या, फटीतून सीडी आत ओढणाऱ्या प्लेअरमध्ये मात्र कधीच घालू नका. आतले रोलर गोल कडेच्या भरवशावर चालतात, अशी सीडी आत अडकते आणि प्लेअर खोलावा लागतो. चुलतभाऊ धुळ्याला जाताना मागत होता, त्याला मी पेनड्राइव्हवर गाणी दिली.

कॉम्प्युटरवर उतरवताना वेग कमी करा. गाणी वाजवताना सीडी मिनिटाला ५०० च्या आत फिरते, पण कॉम्प्युटरचा वेगवान ड्राइव्ह तिला दहा हजारांच्या घरात नेऊ शकतो. वजन सगळीकडे सारखं नसलेली चकती तेवढ्या वेगात थरथरते. मी सर्वांत कमी वेग ठेवून उतरवली, एकही चूक आली नाही.

खान्देशात अशी वस्तू सांभाळायची म्हणजे ऊन आणि धूळ हे दोन प्रश्न. पॉलिकार्बोनेट आपल्या पंचेचाळीस अंशांनी वितळत नाही, त्याची चिंता नको. पण बाहेर आलेले कोपरे दाबाखाली राहिले आणि वर उष्णता असली तर सीडी हळूहळू वाकू शकते. म्हणून मी ती आडव्या गठ्ठ्यात ठेवत नाही. जाड पुठ्ठ्याचा चौकोन कापून त्यावर मऊ पाकिटात ती उभी ठेवली आहे, गच्चीला लागून नसलेल्या खोलीतल्या लाकडी कपाटात. पावसाळ्यात सोबत सिलिका जेलची पुडी. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल कधीच नाही. सीडीतली चूक-दुरुस्तीची व्यवस्था आडवा ओरखडा सहज भरून काढते, पण रेघेच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग माहिती खातो. आणि चित्राची बाजू जास्त जपा. अॅल्युमिनियमचा पातळ थर त्या बाजूला असतो आणि त्यावर फक्त वार्निशचं संरक्षण.

गाण्यांपैकी ‘गोलायथ्स डिसआर्म देअर डेव्हिड्स’ एकट्यासाठी मी ही ईपी घेतली असती. तेव्हाच्या कुठल्याही अल्बमच्या मूळ यादीत ते नाही, आणि हे मला आजही नवल वाटतं, कारण ‘द जेस्टर रेस’च्या पहिल्या तीन गाण्यांत ते सहज बसलं असतं. दोन्ही गिटारी एकाच धूनवर येतात, पण वेगवेगळ्या स्वरांवरून. एक पुढे जाते, दुसरी तिच्या खांद्याला खांदा लावून चालते. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडने रुळवलेली ही जोडीची पद्धत इथे खाली उतरवलेल्या तारांवर येते, त्यामुळे गोडवा असूनही वजन कमी होत नाही. फ्रिडेनचा आवाज शब्द फेकत नाही, ओढत नेतो. रात्री दिवे गेल्यावर इन्व्हर्टरवर कमी आवाजात ऐकलं तरी ती धून स्पष्ट राहते, यातच रचना किती पक्की आहे ते कळतं.

‘जायरोस्कोप’ चांगलं आहे, पण ते पुढे ‘हूरॅकल’वर आलंच. ज्याच्याकडे तो अल्बम आहे त्याला इथे नवीन काही नाही.

‘अकूस्टिक मेडली’ पहिले काही आठवडे मी ओलांडून पुढे जायचो. आता तीच सर्वांत जास्त लावतो. खरखर (डिस्टॉर्शन) नसलेल्या गिटारी, गायन नाही, आरडाओरड नाही. या लोकांच्या सुरावटींवरचा सगळा गोंगाट काढला तरी खाली स्कँडिनेव्हियन लोकसंगीताचा मजबूत पाया आहे, हे ती दाखवते. मेटल न आवडणाऱ्या माझ्या बहिणीनेही ती शेवटपर्यंत ऐकली आणि पुन्हा लावायला सांगितली.

शेवटचं ‘बिहाइंड स्पेस’ प्रत्यक्ष कार्यक्रमातलं. मूळ गाणं १९९४ च्या ‘लूनर स्ट्रेन’वरचं, तिथे डार्क ट्रँक्विलिटी या गोथेनबर्गच्याच बँडचा मिकाएल स्टाने गायला होता. फ्रिडेन स्वतः त्याआधी डार्क ट्रँक्विलिटीचा गायक, त्यामुळे दोन्ही बँड जवळून ऐकणाऱ्याला ही तुलना रंजक वाटेल. ध्वनी मात्र भुरकट आहे. मी मूळचंच पसंत करतो.

जुन्या मालातून घेणार असाल तर विकणाऱ्याकडून दोन फोटो आवर्जून मागा. एक मधल्या भोकाचा, अगदी जवळून, कारण तिथून निघालेली केसाएवढी तडही फिरताना वाढत जाते आणि अशी सीडी ड्राइव्हमध्ये घालणं धोक्याचं. दुसरा चित्राच्या बाजूचा, मागून दिवा धरून काढलेला. त्यात उजेडाचे ठिपके, म्हणजे अॅल्युमिनियमच्या थरातली भोकं, केंद्रापासून ३५ मिलीमीटरच्या आत दिसले तर सोडून द्या, बाहेरच्या कोपऱ्यांत दिसले तर भाव पाडून खुशाल घ्या.